आधी कळक, मग वर्कशॉप

गेल्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी मी बेळगावच्या बाजारात सूप आणायला गेले होते. ववशाला आमच्यात नवं सूप लागतं आणि ते बांबूचंच लागतं, त्यात सासूबाई काही ऐकून घेत नाहीत. रस्त्याकडेला एक मावशी सुपं, बुट्ट्या, दोनचार परड्या मांडून बसल्या होत्या आणि हातानं एका सुपाची कड बांधायचं काम चालूच होतं. भाव विचारला, त्यांनी अडीचशे सांगितले, मी दोनशे म्हटलं, नुसत्या सवयीनं म्हटलं. मावशी मान वर न करताच म्हणाल्या, "ताई, सुपाचा भाव समदी करालेत, कळकाचा कोण करंना. एक कळक आता कितीला पडतोय म्हाईत हाय काय तुमास्नी?" कळक म्हणजे बांबू, आणि त्याचा भाव मला माहीत नव्हता. अडीचशे देऊन आले, खरं ते वाक्य डोक्यातनं गेलं नाही.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका मैत्रिणीबरोबर मी शहरातल्या एका वर्कशॉपला गेले. निसर्गातल्या वस्तूंपासून कला असा विषय, सकाळी दहा ते दुपारी दोन, फी बाराशे रुपये. वाळलेली फुलं, गवताचे तुरे, ज्यूटची दोरी, लाकडाच्या चकत्या, असं सगळं टेबलावर मांडलेलं आणि त्यातनं भिंतीवर लावायची एक फ्रेम करायची. शिकवणारी मुलगी फार मनापासून शिकवत होती आणि मला ते चार तास खरंच आवडले, मोबाईल पिशवीत होता, हातात गोंद होता, डोकं शांत होतं, हे मी नाकारणार नाही. मधेच मी विचारलं की हे गवत कुठलं, हे फूल कशाचं. तिला माहीत नव्हतं. सगळा माल ऑनलाइन मागवलेला होता, खोक्यावर परराज्यातल्या गोदामाचा पत्ता होता. खिडकीबाहेर करंजाचं मोठं झाड होतं, खाली त्याच्या शेंगांचा सडा पडलेला, तिकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, मी पण नाही बघितलं, निघताना चप्पल घालताना पायाखाली शेंग आली तेव्हा दिसलं.

आता या दोन गोष्टी मी शेजारीशेजारी का ठेवतेय तर मला त्यातनं एक प्रश्न पडलाय आणि तो मला सगळ्यांपुढे मांडायचाय. हल्ली सगळीकडे ऐकू येतं की निसर्गाशी तुटलेलं नातं परत जोडायला पाहिजे, हातानं काहीतरी करायला पाहिजे, झाडापानांशी खेळायला पाहिजे. शाळा हे म्हणतात, मंडळं म्हणतात, रील्समध्ये तर रोजच दिसतं. माझं म्हणणं असं आहे की हे नातं पान चिकटवून जुळत नाही, ते जुळतं ते पान कुठल्या झाडाचं, कुणी कधी तोडलं, त्या तोडणाऱ्याला ते तोडायचा हक्क आहे का आणि त्याचे त्याला किती मिळाले, या वाटेनं गेलं तरच. म्हणजे आधी माल आणि तो माल ओळखणारा माणूस वाचायला पाहिजे, वर्कशॉपं त्यानंतर हवी तेवढी काढूया.

आणि हे आपण बेळगावकरांनी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं. आपल्या गावाचं जुनं नावच वेणुग्राम, बांबूचं गाव. रट्ट राजांच्या काळातल्या शिलालेखांत हे नाव येतं, किल्ल्यातली कमल बस्ती त्याच काळातली, १२०४ ची. २०१४ साली नाव बेळगावी झालं त्यावरनं आपल्याकडे किती बोलणं झालं ते सांगायला नको, त्या वादात मला इथं शिरायचं नाही. खरं नावातला वेळू गेला कुठं हे दोन्ही बाजूंनी कुणी फारसं विचारलं नाही. बांबूच्या वस्तू विणणाऱ्याला बुरूड आपण म्हणतो, कानडीत मेदार म्हणतात, काम तेच, कोयता तोच. आपण मराठीत टोपलीला सरळ बुट्टी म्हणतो, तो शब्द कानडीतनं आलाय हे पुण्याकडच्या पाहुण्यांनी हसल्यावरच आपल्याला कळतं. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, मेदार केतय्या होते, बुट्ट्या विणून पोट भरणारे, आणि त्यांची वचनं आजही कानडी घरांतनं वाचली जातात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणारी परडी दोन्ही भाषांतल्या बायकांच्या हातात एकच असते.

आपल्या आयुष्यात बांबू किती खोल आहे हे जरा मोजून बघा. बाळ जन्मलं की सुपात घालतात. लग्नात ऐरणीदान करतात, त्याला पोथीतलं नाव वंशपात्रदान, वंश म्हणजे कूळ आणि वंश म्हणजे बांबू, वेळवाच्या पात्रात दिवे लावून ते सासरच्या माणसांच्या डोक्यावर धरतात आणि मुलगी सोपवतात. धान्य पाखडायला सूप, तांदूळ धुवायला रोवळी, भाकरीला बुट्टी, कोंबड्या झाकायला डालगं, भात साठवायला कणगी, पावसात लावणीला इरलं. शेवटी तिरडी. एवढं सगळं ज्या एका गवतावर चालतं (बांबू हे गवतच आहे, झाड नाही), ते कुठनं येतं याचा विचार करायची वेळच आपल्यावर आली नाही कारण ते आणून देणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी बसलेला असायचा.

तो माणूस काय काय जाणतो ते मी त्या मावशींच्या घरी नंतर दोनतीनदा जाऊन बसले तेव्हा थोडंफार कळलं. कळक तीन वर्षांचा तरी पाहिजे, त्या वर्षीचा कोवळा तोडला तर तो वाळताना आकसतो आणि त्याला भुंगा लागतो. पावसाळ्यात तोडायचा नाही कारण तेव्हा बेटातनं नवे कोंब वर येत असतात, एका पावसात ते पुरुषभर काय, माडभर वाढतात, त्यावेळी आत शिरलं की कोंब मोडतात. तोड अंधाऱ्या पंधरवड्यात करायची, पौर्णिमेकडे तोडला तर लवकर पोखरतो असं त्या सांगतात, आणि भुंगा येतो तो बांबूतल्या पिठासाठी, स्टार्चसाठी, हे तर पुस्तकातसुद्धा आहे. कळक वाळू द्यायचा नाही, ओला असतानाच फोडायचा, कोयत्याचा पहिला घाव कुठल्या टोकाला घालायचा तेही ठरलेलं. मग कामट्या, मग त्याच्या बारीक पट्ट्या, वरची हिरवी साल वेगळी कारण ती चिवट, आतली पांढरी वेगळी. सुपाचा कणा, कड आणि अंग तिन्हीला वेगवेगळी पट्टी. हे सांगताना मावशींचे हात थांबत नव्हते आणि त्यांच्या बोटांवरच्या बारीक जुन्या चिरा मला दिसत होत्या. मी एक पट्टी काढून बघितली, लगेच बोट कापलं.

हे ज्ञान म्हणजे गोड गोष्ट म्हणून मी सांगत नाहीये. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ७० च्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला होता, आपल्या शेजारच्या उत्तर कन्नडात. तिथं कागद गिरणीला सरकारनं बांबू दिला होता टनाला दीड रुपया दरानं. दीड रुपया. बुरूड-मेदारांना बाजारात तोच बांबू त्याच्या कितीतरी पट भावानं घ्यावा लागत होता. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्याफांद्यांचं दाट कडं असतं. ते साफ केलं की बेट मोकळं होतं, वाढ चांगली होते असं गिरणीवाले आणि अधिकारी मानायचे आणि तसं साफ करून घ्यायचे. गावातले लोक गाडगीळांना म्हणाले, उलटं आहे, ते काटे काढले की नवे कोंब गुरं आणि रानातली जनावरं खाऊन टाकतात, काटे हेच कोंबांचं कुंपण. गाडगीळांनी काही वर्षं मोजमाप केलं आणि गावकऱ्यांचं बरोबर निघालं. शिकलेल्या माणसांनी केलेली ती साफसफाईच बेटांना नडत होती.

ही गोष्ट वाचल्यापासून मला निसर्गाशी नातं हा शब्द वापरताना जरा थांबायला होतं. ज्या लोकांचं नातं खरंच होतं त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांच्या हातातला कळक काढून दुसऱ्याला दीड रुपयानं दिला, आणि आता दोन पिढ्यांनी आपण फी भरून ते नातं शोधतोय.

कायद्याचं बघितलं तर तिथंही हेच. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाड म्हणून धरला होता, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी परवान्याची भानगड. २०१७ मध्ये ती व्याख्या बदलली आणि रानाबाहेरचा बांबू त्यातनं सुटला, हे चांगलं झालं, त्याला नव्वद वर्षं लागली तरी. रानातल्या बांबूसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, त्यात बांबू, वेत, मध, हे सगळं गौण वनउपज म्हणून गावाच्या हक्कात येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं हा हक्क मिळवून स्वतः बांबू विकून दाखवला, २०११ ला, मराठी वाचकांना ते माहीतच असेल. खरं आपल्या खानापूर तालुक्यात तेवढं सोपं नाही, कारण जे आदिवासी म्हणून नोंदलेले नाहीत त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण त्या रानावर जगतोय हे दाखवावं लागतं. आता जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीतल्या आज्जीनं १९३० च्या आसपासपासूनचा पुरावा कुठनं आणायचा? तिच्याकडे पुरावा म्हणजे तिच्या घराचा कारवीच्या काठ्यांचा कूड, आणि तो फाईलला लावता येत नाही.

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली, २०२३ च्या सप्टेंबरात. १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू करणारे धरलेत, हे मला मनापासून बरं वाटलं, कारण या लोकांचं नावच कधी कुठल्या यादीत नसतं. ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, शिवाय कमी व्याजाचं कर्ज. मावशींच्या पुतण्यानं अर्ज भरलाय. मावशींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "कोयता हाय की माझ्याकडं, माझ्या सासऱ्याचा हाय. कळक द्या म्हणावं." एवढंच. बुरुडाला अवजार कमी पडत नाहीये, माल कमी पडतोय, आणि आपल्या सगळ्या योजना, सगळे मेळावे, सगळी प्रदर्शनं मालाचं सोडून बाकी सगळं देतात. आणि इकडे आपल्या देवघरातल्या उदबत्तीची काडी सुद्धा वर्षानुवर्षं चीन आणि व्हिएतनामहून येत होती, २०२० मध्ये त्यावरची आयात ड्युटी वाढवल्यावर जरा चर्चा झाली. बांबू या देशात इतका, खरं काडी बाहेरची.

आता यावर मला लोक जे बोलतात ते पण मांडते, कारण त्यात तथ्य आहे.

पहिलं म्हणजे जात. मी हे सगळं एका घरगुती कार्यक्रमात बोलले तेव्हा एक दादा, ते स्वतः बुरूड समाजाचे, शिक्षक आहेत, शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमाला हे छान वाटतंय कारण तुमच्या वडलांना कुणी ए बुरडा म्हणून हाक मारली नव्हती." मी गप्प बसले. बसायलाच पाहिजे होतं. केरसुणी शिंदीच्या पानांची, आपण लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू लावतो, खरं ती बांधणाऱ्या मांगवाड्यातल्या बाईला आपल्या उंबऱ्याच्या आत किती पिढ्या येऊ दिलं नाही? दोर, केरसुणी, सूप, पत्रावळ, या सगळ्या वस्तू पवित्र आणि त्या करणारे हात बाजूला, हे आपल्याच घरांत झालंय. त्यामुळे या समाजातल्या पोरांनी हे काम टाकून इंजिनिअर व्हावं, नर्स व्हावं, दुकान टाकावं, त्यात कुणाला वाईट वाटायचं काहीच कारण नाही. कला टिकावी म्हणून त्यांनी त्याच ओट्यावर बसून राहायचं आणि आपण फोटो काढायचे, असलं जतन मला नको.

पण त्या दादांच्या बोलण्यातनं कला मरू द्यावी असं निघत नाही, हे मी त्यांना नंतर विचारलं सुद्धा. त्यांचं म्हणणं असं की काम कमी दर्जाचं नव्हतं, आपण ते करणाऱ्यांना कमी लेखलं, मजुरी मारली. एका सुपाला माल धरून जवळजवळ अख्खा दिवस जातो. तो दिवस गवंड्याच्या हाताखालच्या माणसाच्या दिवसाइतका तरी मोजा, मग बघू पोरं काय म्हणतात. आणि शिकायचं तर कुणीही शिकावं, ब्राह्मणाच्या पोरानं शिकावं, मराठ्याच्या पोरीनं शिकावं, लिंगायताच्या शिकावं, आणि शिकवणाऱ्या बुरुडाला सर म्हणावं. हे मला पटलं. वर्कशॉप घ्यायचंच असेल तर त्या बाराशे रुपयांतले निम्मे त्या मावशीला जाऊ देत आणि समोरच्या खुर्चीवर त्या बसू देत.

निपाणीचं उदाहरण मला याच्यात नेहमी आठवतं. निपाणीच्या बायका पिढ्यान् पिढ्या हातानं बिड्या वळतायत. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं, आणि मजुरी हजारावर. रोज आठ-दहा तास हातात झाडाचं पान आहे. त्या बायकांच्या फुप्फुसात तंबाखूची धूळ जाते, पाठ वाकते, आणि छाट काढून बिड्या बाजूला पडतात त्याचे पैसेही जातात. नैसर्गिक माल, हातची कला, पिढीजात कसब, सगळं आहे, मग कुणी त्याला निसर्गाशी नातं का म्हणत नाही? कारण आपल्याला मनातनं माहीत आहे की पान हातात असणं पुरत नाही. भाव कोण ठरवतं, पान कुणाचं, तब्येतीचं काय, हे त्यात येतंच. मग सूप-बुट्टीच्या बाबतीत, वाळक्या फुलांच्या फ्रेमच्या बाबतीत हाच प्रश्न विचारायला आपण का लाजतो.

दुसरं म्हणजे प्लास्टिक. शेतातल्या बाईनं प्लास्टिकचं घमेलं, प्लास्टिकची बुट्टी घेतली म्हणून तिला नावं ठेवणारे लेख मी वाचलेत आणि मला ते आवडत नाहीत. तिला चिखलात, शेणात, युरियात वापरायचंय, धुवायचंय, स्वस्त पाहिजे, तिनं प्लास्टिक घ्यावं. सक्ती करायची तर ज्याला परवडतं त्याच्यावर करा. १ जुलै २०२२ पासून देशभर थर्माकोलची सजावट, प्लास्टिकच्या प्लेटा, कप यांच्यावर बंदी आहे, कर्नाटकात तर २०१६ पासूनच प्लास्टिकबंदी आहे, तरी आपल्या गणपतीत आणि कार्यालयांतल्या जेवणावळीत काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका मोठ्या लग्नात हजार-दीड हजार पानं उठतात. तेवढ्या पळसाच्या पत्रावळी आपल्या तालुक्यातल्या बायका देऊ शकतील, आगाऊ सांगितलं आणि आगाऊ पैसे दिले तर. मंडळानं आरास कळकाची, भाताच्या पेंढ्याची, कारवीची करायची ठरवली तर महिनाभर आधी गाडीभर माल आणि चार माणसांची मजुरी ठरवावी लागेल. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की गणपतीवर माटोळी बांधलेली दिसते, रानातली फळं, फुलं, शेंगा, कंद, जे त्या आठवड्यात रानात पिकलंय ते, आणि घरातल्या लहान पोरांना त्यातली निम्मी नावं येतात कारण ती आणायला ती स्वतः गेलेली असतात. त्याच घाटमाथ्यावर आपण राहतो आणि आपल्याकडे प्लास्टिकची झेंडूमाळ.

शाळेचं मला जास्त बोलायचंय कारण मी स्वतः शाळेत शिकवते. हस्तकलेचा तास म्हणजे कार्डशीट, ग्लिटर, आइस्क्रीमच्या काड्या, आणि आईबापांनी रात्री अकरा वाजता केलेला प्रोजेक्ट. आपल्याच जिल्ह्यातलं हुदली गाव, गंगाधरराव देशपांड्यांचं गाव, खादीचं गाव. १९२४ ला बेळगावात काँग्रेस भरली, गांधीजी अध्यक्ष झाले ते अधिवेशन एकच, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर अजून आहे. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी हुदलीला येऊन राहिले होते आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली जिथं हातकामातनं सगळे विषय शिकवायची कल्पना पुढे आली. ती कल्पना आपण फार लवकर टाकून दिली असं माझं मत आहे. सूप विणताना भूमिती आहे, कळक वाढण्यात वनस्पतीशास्त्र आहे, पत्रावळीचा हिशोब गणित आहे, दीड रुपया टनाची गोष्ट नागरिकशास्त्र आहे. डाळिंबाची साल आणि हिरडा उकळून लोखंडाचा गंजका खिळा टाकला की रंग काळपट होतो, हे माझ्या सहावीच्या वर्गात मी करून दाखवलं तेव्हा जी पोरं रसायनशास्त्र म्हटलं की घाबरतात ती पातेल्याभोवतीनं हलेनात. हिरडा एका मुलानं आणला होता, जांबोटीकडचा, त्याची आजी गोळा करते. वर्गात एरवी न बोलणारा तो मुलगा त्या दिवशी अर्धा तास सांगत होता की फळ कधी गोळा करायचं, कोवळं कसं ओळखायचं. भाषा त्याची मिसळलेली, अर्धी कानडी अर्धी मराठी, सगळ्यांना कळत होती.

त्या मुलाच्या आजीसारखी माणसं जिथं राहतात तो भाग भीमगडला लागून आहे. २०११ मध्ये ते अभयारण्य झालं, तिथल्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळांसाठी ते जगात नाव असलेलं रान आहे, ते राखलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरं आतल्या तळेवाडीसारख्या गावांच्या स्थलांतराचा विषय गेली काही वर्षं चाललाय. रस्ता नाही, दवाखाना नाही, पावसात चार महिने हाल, त्यामुळे बऱ्याच लोकांना स्वतःलाच बाहेर पडायचंय, त्यांना कोण कुठल्या तोंडानं थांबा म्हणणार. मला एवढंच विचारायचंय की ती माणसं बाहेर येताना त्यांच्याबरोबर जी ओळख बाहेर येतेय, कुठला वेल दोरीला चालतो, कुठलं पान पत्रावळीला, कुठलं लाकूड भिजलं तरी फुगत नाही, ती नोंदवायला कुणी बसलंय का? मोबदला जमिनीचा मिळतो, घराचा मिळतो. आणि मग आपण शहरातली माणसं त्याच रानात शनिवार-रविवारी नेचर कॅम्पला जाणार, आणि आपल्याला झाडं दाखवायला कुणी नसणार.

एक धोका मात्र आहे आणि तो मला मान्य आहे. सगळ्यांनी उठून रानातनं माल आणायला सुरुवात केली तर रान संपेल. दसऱ्याला आपट्याचं काय होतं ते बघतोच आपण, फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात, आणि आपटा कमी पडला की कांचन. म्हणून माझा भर रानावर नाही, बांधावर आहे, गायरानावर आहे, शाळेच्या कुंपणावर आहे. आणि रानातलं काही घ्यायचंच तर टणटणी, म्हणजे घाणेरी, घ्या ना. आपल्याच राज्यात माले महादेश्वर डोंगरात सोलिग आदिवासी टणटणीच्या काड्यांचं फर्निचर करतात, बुट्ट्या करतात, निलगिरीच्या बाजूला तर त्याचे खऱ्या आकाराचे हत्ती केले आणि ते २०२१ ला लंडनच्या बागांत उभे होते. टणटणी बाहेरनं आलेली, रान गिळत चाललेली, जेवढी काढाल तेवढं रानाला बरं. खानापूरच्या बाजूला ती काय कमी आहे? घाटाखाली कुडाळला बांबूवर काम करणारं केंद्र वीस वर्षांवर चाललंय. शिकायला लांब जायला नको.

माझ्या भावाची खानापूरजवळ दोन एकर आहे. काही वर्षांपूर्वी, या सगळ्याच्या आधीच, त्यानं बांधाला माणगा लावला होता, बिनकाट्याचा, कोकणात सगळे लावतात तो, रोपवाटिकेतनं तोच मिळाला. या जानेवारीत मावशींना मी गाडीतनं घेऊन गेले, मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांनी बेटाभोवती एक चक्कर मारली, एक कळक नखानं वाजवला, पेरं बोटांनी मोजली आणि म्हणाल्या, "काठीला बेस हाय. मांडवाला बेस हाय. सुपाला जाड पडतंय ओ, ह्येची पट्टी काढता काढता जीव जाईल." भाऊ हिरमुसला, मी पण. मग त्याच म्हणाल्या की ओढ्याच्या अंगाला जागा हाय, पाणी हाय, तिथं लांब पेराचा पोकळ लावा, कंद मी सांगतो कुठनं आणायचं ते, पाऊस लागायच्या आधी खड्डे काढा. माणगा पण वाया घालवू नका, बेटातले हे चार आणि ते दोन अवंदा काढा, बाकीच्याला हात लावू नका, बुडातली घाण काढू नका.

खड्डे सात काढलेत. कंद मृगाच्या आधी आणायचेत, मावशी स्वतः येतो म्हणाल्यात, त्यांच्या दिवसाची मजुरी भावानं आधीच ठरवून टाकलीय. लावलेल्यातनं पहिलं सूप निघायला अजून चार पावसाळे तरी आहेत, तोवर दर गौरीला मी अडीचशेचं, पुढच्या वर्षी तीनशे म्हणाल्या तर तीनशेचं, त्यांच्याकडनंच घेणार आहे.